गोठणगावपासून वाचायला घे

अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
12 जानेवारी 2026

चि. मनू,


तुझी आंतरराष्ट्रीय राजकारणावरच्या वाचनाची यादी मिळाली. मॉर्गेन्थो, वॉल्ट्झ, शेलिंग, मर्शायमर आणि सगळ्यांच्या वर क्लाउझविट्झ. ‘मामा, यातलं काय ठेवू, काय काढू?’ असं तू विचारलंस. काढू काहीच नकोस, परीक्षेत तेच येणार आहे. पण क्रम माझा धरून बघ. ही मंडळी हुशार आहेत यात वाद नाही. शेलिंगसारखं स्वच्छ लिहिणारा तर क्वचितच सापडेल. मात्र आधी त्यांनाच वाचलं की माणसाला जग बुद्धिबळाच्या पटासारखं दिसू लागतं आणि प्याद्यांना गाव असतं हे तो विसरतो. म्हणून त्यांना दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेव.

संरक्षणावरचं पुस्तक उघडलंस की शस्त्रांची नावं पाठ करू नकोस. निर्णय शोध. कोणी घेतला, कोणत्या तारखेला घेतला, तेव्हा त्याला काय माहीत होतं, आणि त्या निर्णयाचा भार पुढे कोणावर, कुठे आणि किती वर्षांनी पडला. या विषयात निर्णय आणि भार यांच्यात दहा-वीस वर्षांचं अंतर सहज पडतं, आणि निर्णय घेणारा भार उचलायला बहुधा हजर नसतो. हे शिकायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. आपला जुना भंडारा जिल्हा पुरतो.

1954 चा उन्हाळा घे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, भंडारा मध्य प्रदेशात होता, आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ दोन सदस्यांचा. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, आणि सर्वसाधारण जागा समाजवादी अशोक मेहतांनी घेतली. एवढं आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्या प्रचारात बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली होती, ही गोष्ट मागे पडली. तेंदूपत्त्याच्या हंगामात, धान आणि बिडीवर जगणाऱ्या मतदारांपुढे एक उमेदवार परराष्ट्र धोरण काढतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. आजचा उमेदवार धानाच्या बोनसच्या पुढे जात नाही.

आता तारखा लावून बघ. 29 एप्रिल 1954 ला पेकिंगमध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराचा आणि येण्याजाण्याचा करार झाला. पंचशीलाची पाच तत्त्वं त्याच्याच प्रस्तावनेत आहेत. शाळेत आपण ती पाच तत्त्वं पाठ करतो आणि करार वाचतच नाही. तू तो वाच, चार-पाच पानांचा आहे. तिबेटला भारताने त्यात ‘चीनचा प्रदेश’ म्हटलं. यातुंग आणि ग्यांत्से इथे असलेल्या आपल्या लष्करी तुकड्या सहा महिन्यांत परत बोलावायचं कबूल केलं. टपाल, तार आणि टेलिफोनची सोय, तसंच बारा विश्रामगृहं चीनला देऊन टाकली. सीमा कुठून जाते यावर कराराने काहीच ठरवलं नाही. मुदत आठ वर्षांची. ती 1962 च्या जूनमध्ये संपली. त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, हे तुला सांगायला नको.

भंडाऱ्यात हरलेले बाबासाहेब राज्यसभेचे सदस्य होतेच. 26 ऑगस्ट 1954 ला तिथे आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर चर्चा झाली, तेव्हाचं त्यांचं भाषण तुझ्या यादीत पहिलं घाल. माओचा पंचशीलावर विश्वास नाही, आणि ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच त्यांची सरहद्द आपल्या दाराशी आणून ठेवली, असा त्या भाषणाचा रोख आहे. आठ वर्षं आधी! महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या पंधराव्या खंडात ते सापडेल. त्यांच्या 1951 च्या राजीनाम्याचं निवेदनही सोबत वाच. ते आपण हिंदू कोड बिलासाठी वाचतो, पण त्यात संरक्षणाचा एक उतारा आहे. वर्षाचा महसूल 350 कोटी, त्यातले 180 कोटी सैन्यावर. हे असं का, तर धोरणामुळे आपल्याला भरवशाचे मित्र उरले नाहीत आणि सगळा खर्च एकट्यानेच सोसावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. सहमत हो किंवा होऊ नकोस, पण परराष्ट्र धोरण आणि अंदाजपत्रक एका वाक्यात जोडायची ही सवय अंगी लावून घे.

आठव्या खंडात त्यांचं पाकिस्तानवरचं पुस्तक आहे, मूळ 1940 चं. त्यातलं संरक्षण दुबळं होईल का, या प्रश्नावरचं प्रकरण वेगळं काढून वाच. नैसर्गिक सरहद्दीपेक्षा भरवशाचं सैन्य महत्त्वाचं, हा मुद्दा ते सैन्यभरतीचे आकडे मांडत सिद्ध करतात. सरकार आकडे द्यायला तयार नसताना हाती लागलेल्या आकड्यांवर युक्तिवाद कसा उभा करायचा, याचा याहून चांगला धडा तुझ्या पाठ्यपुस्तकात नसेल.

एकाच बाजूचं वाचून मत बनवू नकोस मात्र. सरदार पटेलांचं 7 नोव्हेंबर 1950 चं नेहरूंना लिहिलेलं पत्र दुर्गा दास यांनी संपादित केलेल्या पत्रव्यवहारात आहे. तिबेटबद्दलचा इशारा त्यात स्पष्ट आहे, आणि महिन्याभरानंतर पटेल गेले. त्याच्या शेजारी श्रीनाथ राघवन यांचं ‘वॉर अँड पीस इन मॉडर्न इंडिया’ ठेव. त्यात नेहरूंचा विचार समजून घेण्याची तयारी आहे. मला विचारशील तर 1950 साली ल्हासाला फौज पाठवणं आपल्याला झेपणारं नव्हतं. फाळणी नुकतीच झाली होती, काश्मीरचा प्रश्न मिटलेला नव्हता. तेव्हा तिबेट सोडावा लागला याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. सोडताना बदल्यात काही मागितलं नाही, निदान सीमा तरी कागदावर आणली नाही, ही चूक. माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांच्या ‘द लाँग गेम’मध्ये चिनी वाटाघाटींच्या सहा प्रकरणांपैकी एक तिबेटचं आहे. समोरचा काय मागेल याची तयारी आपण केली होती का, हाच त्यांचा प्रश्न. निरुपमा राव यांचं ‘द फ्रॅक्चर्ड हिमालय’ 1949 ते 1962 चा काळ सावकाश उलगडतं. जाड आहे, सुट्टीत घे.

आणि सुट्टीत आलीस की आपण गोठणगावला जाऊ. इटियाडोह धरणाच्या परिसरात, प्रतापगडाजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. आपल्या तोंडी ‘तिबेट कॅम्प’. शिवरात्रीच्या यात्रेला तू लहानपणी त्या वाटेने गेली आहेस. 1972 साली ती वसली. पेकिंगच्या करारापासून अठरा वर्षांनी आणि दलाई लामा मार्च 1959 मध्ये भारतात आले त्यानंतर तेरा वर्षांनी. बर्फातली माणसं एप्रिल-मेमध्ये जिथे बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा असतो अशा जंगलात येऊन बांध्या पाडून धान लावायला शिकली. हिवाळ्यात घरटी कोणी ना कोणी नागपूरपासून पार कुठल्या कुठल्या शहरांत स्वेटर विकायला जातं, त्यामुळे या दिवसांत कॅम्प ओस असतो. संक्रांत उलटली की हळूहळू परततात, मग लोसार, म्हणजे त्यांचं नववर्ष, येतो.

तिथल्या नव्या पिढीने तिबेट पाहिलेला नाही. यांची ओळख काय, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे आणि त्याचेही कागद आहेत. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस आपल्या कायद्याने जन्माने नागरिक ठरतो. एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्टच्या प्रकरणात 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयाने हे तिबेट्यांनाही लागू होतं असं सांगितलं. केंद्राचं तिबेटी पुनर्वसन धोरण 2014 चं आहे. हे दोन्ही तुझ्या प्राध्यापकांच्या यादीत असणार नाहीत. शरणार्थी या प्रकरणावर तुला निबंध लिहायचा असेल तर जिनिव्हाच्या अहवालांआधी हे कागद घे आणि आपल्या तालुक्यात राहणाऱ्यांशी बोल.

तिबेट्यांचा आणखी एक धागा आहे. नोव्हेंबर 1962 मध्ये, युद्ध चालू असतानाच, सरकारने तिबेटी निर्वासितांची एक गुप्त फौज उभारली, स्पेशल फ्रंटियर फोर्स. 1971 मध्ये, युद्ध जाहीर होण्याआधीच, ती चितगावच्या डोंगरांत उतरली. तिचे प्रमुख मेजर जनरल सुजनसिंग उबान यांनी ‘फँटम्स ऑफ चितगाव’मध्ये ती हकीकत सांगितली आहे. जो देश आपला नाही त्याच्यासाठी, जो शत्रू आपला नाही त्याच्याशी लढून ही माणसं मेली आणि जाहीर गौरव त्यांच्या वाट्याला आला नाही. वॉल्ट्झच्या सिद्धान्तात या माणसांना जागा कुठे, हा प्रश्न वर्गात विचार. सर चिडणार नाहीत.

बासष्टच्या युद्धावर मराठीत चांगलं लिहिलं गेलंय, ते इंग्रजीच्या आधी वाच. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ लष्करी माणसाच्या शिस्तीने लिहिलेलं आहे, नकाशा शेजारी ठेवूनच वाचायचं. कर्नल श्याम चव्हाणांचं ‘वालाँग’ म्हणजे युद्धकैद्याची बखर. धोरण चुकलं की शेवटी एका तरुण अधिकाऱ्याच्या पायात काय उरतं ते तिथे कळतं. मग ब्रिगेडियर दळवींचं ‘हिमालयन ब्लंडर’. नामका चू नदीवर ज्या ब्रिगेडचा चुराडा झाला तिचे ते कमांडर, स्वतः कैद झालेले. पुस्तक रागाने भरलेलं आहे आणि त्या रागाचा त्यांना हक्क आहे. लगेच पाठोपाठ नेव्हिल मॅक्सवेलचं ‘इंडियाज चायना वॉर’ घे. ते वाचून तुझा संताप होईल, कारण सगळा दोष तो भारताच्या माथी मारतो. मला त्याचा निष्कर्ष पटत नाही. पण दिल्लीच्या कागदांत तो किती आत शिरला होता हे बघ. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. त्यातला मोठा भाग 2014 मध्ये मॅक्सवेलनेच इंटरनेटवर टाकला. आपल्या पराभवाचा अहवाल आपल्याला परक्या पत्रकाराकडून मिळावा, याची लाज वाटायला हवी. चीनची बाजू आतून कळायला अरुण साधूंचं ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ अजूनही चालतं. आपल्या परतवाड्याचा माणूस, ओघवतं लिहिणारा.

बासष्टच्याच ऑक्टोबरात तिकडे क्युबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच चालला होता. त्यावरचं ग्रॅहम अ‍ॅलिसनचं ‘एसेन्स ऑफ डिसिजन’ तुझ्या यादीत नाही, ते घाल. सरकार म्हणजे एक डोकं नसतं, हे त्याने पटवून दिलं. केनेडींनी त्याच वर्षी बार्बरा टकमनचं ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ वाचलं होतं. 1914 साली युरोप नकळत युद्धात कसा घसरला ती ही कहाणी. आपल्या हातून तसं होऊ नये असं ते म्हणत, असं त्यांच्या भावाने लिहून ठेवलंय. वाचनाचा उपयोग काय असं तुझे बाबा विचारतात ना, त्यांना हे सांग.

बासष्टच्या नोव्हेंबरात कृष्ण मेनन पायउतार झाले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांचे खाजगी सचिव राम प्रधान यांचं ‘डिबॅकल टू रिसर्जन्स’ आणि चव्हाणांच्या 1965 च्या डायरीवर आधारलेलं त्यांचंच दुसरं पुस्तक, दोन्ही वाच. 1 सप्टेंबर 1965 ची दुपार विशेष बघ. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसलेत, लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग मंत्र्यांच्या खोलीत आलेत, विमानं वापरायची परवानगी हवी आहे. चव्हाणांनी ती तिथल्या तिथे दिली. साताऱ्याकडचा हा माणूस तीन वर्षांपूर्वीपर्यंत मुंबईत राज्य चालवत होता. आत्मविश्वास गमावलेल्या खात्याचं त्याने आधी ऐकून घेतलं, मग बोलला. पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना 1964 ची, त्यांच्याच काळातली.

बासष्टनंतर दारूगोळ्याचे कारखाने वाढले. जवाहरनगरची भंडारा आयुध निर्माणी त्याच दशकातली. आपल्या कितीतरी घरांची चूल त्या फॅक्टरीवर पेटली. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या 41 निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, भंडारा त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, तिचं मुख्यालय तुझ्या पुण्यात आहे. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन कामगार गेले. आता महालेखापरीक्षकांचा 2017 चा दारूगोळ्यावरचा अहवाल काढ. सैन्याच्या 152 प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता, असं त्यात म्हटलंय. एकीकडे उत्पादन वाढवा म्हणून दट्ट्या, दुसरीकडे जुन्या इमारतींत स्फोटकं हाताळणारे हात. यातला ताण कुठल्याही सिद्धान्ताच्या पुस्तकात नाही. लेखापरीक्षणाचे अहवाल रुक्ष असतात म्हणून कोणी वाचत नाही, आणि म्हणूनच तिथे खरं सापडतं.

नक्षलवादाबद्दल तू काही विचारलं नाहीस. ‘आंतरराष्ट्रीय’ नाही म्हणून असेल. सालेकसा-देवरी भागात पोलिसांच्या सशस्त्र दूरक्षेत्रांच्या सावलीत एक पिढी वाढली, तेव्हा हा विषय टाळून या जिल्ह्यातल्या मुलीला पदवी देऊ नये असं माझं मत. 13 नोव्हेंबर 2021 ला गडचिरोलीत मिलिंद तेलतुंबडे मारला गेला, तो नक्षलवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड झोनचा सूत्रधार होता. 2025 च्या नोव्हेंबरअखेर त्या झोनचा प्रवक्ता अनंत याने साथीदारांसह गोंदिया पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. संपत आलंय असं दिसतं. अशा वेळीच नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटाचा 2008 चा अहवाल वाचायचा, बंदोपाध्याय समितीचा. जमीन, वनहक्क, विस्थापन यांबद्दल त्यात जे लिहिलंय त्यातलं किती अजून शिल्लक आहे ते मोज. सोबत राहुल पंडिता यांचं ‘हॅलो बस्तर’. बाकी मराठीत या विषयावर घोषणा पुष्कळ आहेत, दोन्ही बाजूंच्या.

‘आज्ञापत्र’ तुझ्याकडे आहे ना? बी.ए.ला मराठीच्या तासाला शैली म्हणून शिकवलं असेल. आता ते धोरण म्हणून वाच. 1716 च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्य सांगतात की टोपीकर हे नुसते व्यापारी नव्हेत, त्यांच्यामागे राज्यं आहेत. त्यांना येऊ-जाऊ द्यावं, पण समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊ नये, द्यायचीच तर आत द्यावी. परक्या बंदरांच्या करारांवर तुझा एक पेपर आहे, हंबनटोटा आणि ग्वादर. त्याची सुरुवात इथून केलीस तर नव्वद टक्के विद्यार्थ्यांपेक्षा वेगळं काही लिहिशील. आरमाराला अमात्यांनी राज्याचं स्वतंत्र अंग मानलंय. कौटिल्य हवा असेल तर र. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाची तीन भागांतली आवृत्ती घे. मोबाईलवर फिरणारी कौटिल्याची वचनं वाचू नकोस, त्यातली निम्मी त्याने ऐकलीही नसतील.

कारगिल समितीचा अहवाल, के. सुब्रह्मण्यम यांचा, विभागात असेलच. त्यातली वगळलेली पानं कुठे कुठे आहेत त्याची एक वेगळी यादी कर.

1 फेब्रुवारीला अंदाजपत्रक येईल. दूरदर्शनवर संरक्षणाचा एकच मोठा आकडा फिरेल. तो सोडून तू अनुदानाच्या मागण्यांचे कागद उघड. 2025-26 चे आकडे शेजारी लिहून ठेव: एकूण 6 लाख 81 हजार कोटी, त्यातलं निवृत्तिवेतन सुमारे 1 लाख 60 हजार कोटी आणि सैन्यदलांचा भांडवली खर्च सुमारे 1 लाख 80 हजार कोटी. या दोन आकड्यांतलं अंतर नव्या वर्षात वाढलं की घटलं ते मला कळव, मग बोलू. सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेवर तुझं जे ठाम मत आहे ते तोवर राखून ठेव.

बाबासाहेबांच्या भाषणांचा पंधरावा खंड माझ्याकडे जादा आहे. शेजारच्या गुरुजींचा मुलगा पुढच्या आठवड्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला निघतोय, त्याच्याकडे देतो. त्याच पिशवीत ताईने चिन्नोर तांदूळ घातला आहे, तो वसतिगृहात मैत्रिणींना वाटून संपवू नकोस.

तुझा,
मामा